सायबर बुलिंग आणि नागपुरातील किशोरवयीन मुले

सायबर बुलिंग म्हणजे मोबाइल, समाजमाध्यमे, गेम किंवा चॅट यांच्या आडून एखाद्या मुलाला वा मुलीला जाणूनबुजून दिलेला त्रास. मराठीत त्याला ‘सायबर छळ’ किंवा ‘ऑनलाइन दादागिरी’ असेही म्हणतात. मुलांच्या तोंडी मात्र यातला एकही शब्द नसतो. ती ‘माझी खेचतात’, ‘माझ्यावर मीम बनवलं’ असे सांगतात, नागपुरात तर ‘पोट्टे मागे लागले’ एवढ्यावरच विषय संपतो. त्यामुळे ‘तुला कुणी सायबर बुलिंग करतं का रे?’ असे विचारणाऱ्या बापाला बहुतेक वेळा ‘नाही’ हेच उत्तर मिळते, आणि ते मुलाच्या बाजूने खरेही असते.

शाळेतल्या दादागिरीचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात स्कँडिनेव्हियात डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने सुरू केला. त्रास देण्याचा हेतू, तो पुन्हापुन्हा देणे आणि दोघांच्या बळातली तफावत या तीन खुणा त्याने सांगितल्या. फोनवर यातल्या दोन खुणा बदलतात. फोटो टाकणारा एकदाच टाकतो, पण चाळीस जण तो पुढे ढकलतात. पुनरावृत्ती कुणी केली म्हणायची? आणि बळ म्हणाल, तर वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगाही खोट्या नावाच्या अकाउंटवरून दादा होऊ शकतो.

जाहीर टिंगल नागपूरला नवी नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले स्त्री-पुतळे, निघतात, सोबत बडगे म्हणजे पुरुष-पुतळे असतात. बडग्यांतून महागाईची, भ्रष्टाचाराची, पुढाऱ्यांची यथेच्छ खिल्ली उडवली जाते, ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते आणि शेवटी सगळ्याचे दहन होते. तिथे टिंगल होते ती बलवानांची, भर रस्त्यात, आणि दिवस मावळेपर्यंत तिची राख झालेली असते. फोनवरच्या टिंगलीला दहनाचा दिवस नाही. सहावीत चिकटलेले नाव दहावीच्या निरोप समारंभाच्या स्टोरीत पुन्हा वर येते.

स्वरूप

सगळ्यात ओळखीचा प्रकार ‘कन्फेशन पेज’चा. शाळेच्या किंवा ट्युशनच्या नावाने इन्स्टाग्रामवर एक पान उघडते. निनावी फॉर्मवर कुणीही काहीही लिहून पाठवते आणि पान चालवणारा ते रंगीत चौकोनात टाकतो. सुरुवातीला ‘सायन्सच्या मॅडम फार छान शिकवतात’ असे येते. आठवड्याभरात ‘बी बॅचमधली ती निळ्या स्कूटीवाली’ असे येऊ लागते. नाव नसते, पण निळी स्कूटी त्या बॅचमध्ये एकच असते. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्कूटी घरी ठेवून ऑटोने येते, तिसऱ्या दिवशी डोके दुखते म्हणून येतच नाही. लिहिणाऱ्याच्या लेखी हे सगळे एका वाक्याचे काम असते.

याखेरीज वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून एकालाच वगळून दुसरा ग्रुप काढणे, झोपलेल्या मित्राच्या फोटोचे स्टिकर करणे, दुसऱ्याच्या नावाने अकाउंट उघडून घाण मेसेज पाठवणे, गेमच्या व्हॉइस चॅटवर जातीवरून वा रंगावरून शिव्या देणे हेही चालते. ग्रुपमधून वगळणे मोठ्यांना पोरकट वाटते. ज्याला वगळले त्याला मात्र सहलीचा बेत, परीक्षेच्या नोट्स, वाढदिवस यांतले काहीच कळेनासे होते.

दुसरा धोका वर्गाबाहेरून येतो. अनोळखी मुलीच्या नावाने रिक्वेस्ट येते, दोन दिवस गोड गप्पा होतात, मग व्हिडिओ कॉल आणि लगेच रेकॉर्डिंग दाखवून पैशांची मागणी. यात मुलगेही सापडतात आणि लाजेपायी तोंड उघडत नाहीत. आता साध्या फोटोवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने अश्लील चित्र तयार करणारी साधने हाताशी आली आहेत. त्यामुळे ‘तू असा फोटो पाठवलासच कशाला’ हा घरचा पहिला प्रश्न अनेकदा गैरलागू असतो. मुलीने काही पाठवलेलेच नसते.

मुले सांगत का नाहीत

२०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांत मुलाच्या हाती स्वतंत्र फोन पहिल्यांदा आला तो ऑनलाइन वर्गासाठी. ‘फोन अभ्यासापुरता’ हा करार तेव्हापासून चालत आला आहे. त्रासाची गोष्ट सांगायची म्हणजे आपण अभ्यासाबाहेर काय करत होतो हे आधी कबूल करणे आले, आणि त्यावर होणारी पहिली कारवाई ठरलेली असते: फोन जप्त. मुलाच्या दृष्टीने ही शिक्षा त्रास देणाऱ्याला न होता त्यालाच होते, शिवाय बाजू घेणारे दोन मित्र त्याच फोनमध्ये असतात. दहावीचे वर्ष असेल तर ‘बोर्ड होऊ दे, मग बघू’ हे उत्तरही तयार असते. ‘तू काहीही सांगितलंस तरी फोन घेणार नाही’ असे आधीच, काही घडलेले नसताना, सांगून ठेवणे आणि ते पाळणे याचा उपयोग कोणत्याही पाळत ठेवणाऱ्या ॲपपेक्षा जास्त आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाळतीचे ॲप टाकले की मुले दुसरे अकाउंट काढतात.

लक्षात येण्याजोग्या खुणा अशा: नोटिफिकेशन वाजताच चेहरा उतरणे, फोन उलटा ठेवणे, ट्युशनची वेळ किंवा रस्ता बदलण्याचा हट्ट, एकाएकी घटलेले गुण. यातली एखादी खूण वयाचीही असू शकते. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे काही बोलले गेले तर मात्र वाट पाहू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि शहरात मेडिकल व मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत.

खबरदारी

बहुतेक समाजमाध्यमांवर खाते उघडायला किमान वय १३ आहे. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ पासून किशोरवयीनांची खाती आपोआप खासगी ठेवण्याची पद्धत आणली आणि २०२५ मध्ये ती भारतात लागू केली. अनोळखी माणसाचा थेट मेसेज त्यात अडतो, आणि १६ वर्षांखालच्या मुलाला ही बंधने सैल करायची तर पालकांची संमती लागते. पण अनेक मुलांनी पाचवी-सहावीत खाते उघडताना जन्मसाल मागे ढकललेले असते. चौदा वर्षांचा मुलगा तिथे वीस वर्षांचा आहे आणि यातले कोणतेही संरक्षण त्याला आपसूक मिळत नाही. म्हणून मुलाशेजारी बसून सगळ्यात आधी खात्यातले जन्मसाल पाहावे. व्हॉट्सॲपमध्ये ‘मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल’ या ठिकाणी फक्त ओळखीचे संपर्क ठेवता येतात. पासवर्ड जिवलग मैत्रिणीलाही देऊ नये; मैत्री तुटते तेव्हा पासवर्ड तिच्याकडेच राहिलेला असतो.

कायदा

भारतीय कायद्यात ‘सायबर बुलिंग’ नावाचा वेगळा गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६अ आक्षेपार्ह मेसेजसाठी वापरले जाई. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले. आता कृत्यानुसार कलम शोधावे लागते. दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड वापरणे (६६क) आणि तोतयेगिरी करून फसवणे (६६ड) यांना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मुलांच्या लैंगिक चित्रणासाठी ६७ब हे कलम असून पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१ आणि मुलीचा ऑनलाइन पाठलाग करण्यासाठी कलम ७८ आहे. लैंगिक स्वरूपाचा छळ असल्यास मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा, २०१२ लागतो. त्यानुसार माहिती असणाऱ्या कुणालाही ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेचे नाव खराब होईल म्हणून प्रकरण दाबणारा संस्थाप्रमुख स्वतःच गुन्हेगार ठरतो.

ग्रुपच्या ॲडमिनचे काय, हा प्रश्न नागपूरनेच सोडवला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये, गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ॲडमिन असल्यामुळे कुणी दोषी ठरत नाही असा निर्णय दिला. त्यात त्याचा सामाईक हेतू दिसला पाहिजे.

तक्रार

घाबरून सगळे डिलीट करण्याची चूक सर्रास होते. आधी पुरावा, मग ब्लॉक. नुसत्या मेसेजचा स्क्रीनशॉट पुरत नाही. अकाउंटचे नाव, प्रोफाइलचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, कारण वापरनाव दोन मिनिटांत बदलता येते. प्रोफाइलपासून पोस्टपर्यंत जाताना स्क्रीन रेकॉर्डिंग केले तर उत्तम. एका बाबतीत मात्र हात आवरावा: मुलाचे नग्न वा अश्लील चित्र ‘बघा काय चाललंय’ म्हणून काकू, मामा, क्लासटीचर यांना फॉरवर्ड करू नये. तो पुरावा न राहता प्रसार होतो, आणि ६७ब चांगल्या हेतूने पाठवणाऱ्याच्याही अंगाशी येऊ शकते. फोन तसाच घेऊन पोलिसांकडे जावे.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा कोणत्याही ठाण्यात देता येते. नागपूर शहर पोलिसांचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणेही आहे. मुलांच्या लैंगिक चित्रणाची तक्रार पोर्टलवर निनावी करता येते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर कळवायला तासाभराचाही उशीर करू नये. बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचे खासगी चित्र पसरण्याची भीती असल्यास ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा चित्राचा फक्त अंकीय ठसा घेते, मूळ चित्र फोनमध्येच राहते आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ते हटवतात. पॉक्सोखालील जबाब मुलाच्या घरीही घेता येतो, आणि घेणारा अधिकारी गणवेशात नसतो. ठाण्याची पायरी चढायची म्हणून मागे हटणाऱ्या घरांना ही तरतूद बहुधा माहीत नसते.

त्रास देणाराही बहुतेकदा त्याच वर्गातला, म्हणजे अठराखालचा असतो. त्याचे प्रकरण २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळापुढे जाते आणि त्याचीही ओळख उघड करता येत नाही. शाळेच्या पातळीवर राज्यात २०२२ पासून विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या आहेत. व्यवहारात मात्र दोघांना स्टाफरूममध्ये बोलावून ‘चला, हात मिळवा’ म्हणण्याची पद्धत अजून चालते. बळात तफावत असलेल्या दोघांना एकाच वेळी समोर उभे केले की दुबळा तेच बोलतो जे दुसऱ्याला चालेल. त्यांच्याशी वेगवेगळे बोलावे, आधी ज्याला त्रास झाला त्याच्याशी, आणि वर्गातली मुले डबा खात असताना सगळ्यांदेखत त्याला बोलावणे धाडू नये.