सद्भावपूर्वक वजावट-दावा आणि आयकर दंड

एखादी वजावट किंवा सूट आपल्याला लागू आहे असे प्रामाणिकपणे समजून करदात्याने ती विवरणपत्रात मागितली, तिच्यामागची माहिती उघड केली आणि पुढे खात्याने ती नाकारली, तर त्या मागणीला सद्भावपूर्वक दावा म्हणतात. वजावट नाकारली की कर आणि व्याज भरावेच लागते. दंड मात्र आपोआप लागत नाही, आणि हा फरक गावपातळीवर फार थोड्यांना माहीत असतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे ग्रामीण विदर्भात ‘इन्कम टॅक्स आपल्यासाठी नाही’ असा समज आहे. प्रत्यक्षात सेवा सहकारी सोसायट्या, पतसंस्था आणि प्रकल्पात वावर गेलेले शेतकरी यांच्याकडे या नोटिसा येतात.

१९६१ च्या आयकर कायद्यात दंडाचे जुने कलम २७१(१)(क) हे होते. उत्पन्नाचा तपशील लपवणे किंवा चुकीचा तपशील देणे यासाठी बुडवू पाहिलेल्या कराच्या १०० ते ३०० टक्के दंड होई. कर निर्धारण वर्ष २०१७-१८ पासून त्याच्या जागी कलम २७०ए आले. उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के आणि खोटेपणाने कमी दाखवल्यास २०० टक्के, असे दोनच दर त्यात आहेत. याच कलमाच्या उपकलम ६ मध्ये सद्भावाला जागा आहे: करदात्याचे स्पष्टीकरण प्रामाणिक असेल आणि त्याला आधार देणारी सर्व महत्त्वाची माहिती त्याने उघड केली असेल, तर ती रक्कम कमी दाखवलेल्या उत्पन्नात धरली जात नाही. दोन्ही अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. नुसता हेतू स्वच्छ असून भागत नाही. तो कागदावर दिसला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने रिलायन्स पेट्रोप्रॉडक्ट्स प्रकरणात २०१० साली स्पष्ट केले की कायद्याने न टिकणारा दावा करणे म्हणजे चुकीचा तपशील देणे नव्हे. २०१२ च्या प्राइस वॉटरहाउस कूपर्स प्रकरणात ग्रॅच्युइटीची तरतूद उत्पन्नात मिळवायची राहून गेली होती, पण ती वजावटीस पात्र नाही हे सोबतच्या लेखापरीक्षण अहवालातच लिहिलेले होते. न्यायालयाने ती माणसाच्या हातून झालेली चूक मानली आणि दंड रद्द केला. हे निकाल जुन्या कलमाखालचे असले, तरी नव्या कलमाखालच्या उत्तरांतही त्यांचा आधार घेतला जातो.

विदर्भातल्या सोसायटीचा नेहमीचा वाद सहकारी संस्थांना वजावट देणाऱ्या कलम ८०पी चा आहे. सभासदांना पीककर्ज देऊन मिळालेल्या नफ्यावर सोसायटीला पूर्ण वजावट मिळते. पण शिल्लक पैसा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत ठेवीत ठेवला, तर त्या व्याजाचे काय? २०१० च्या टोटगार्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिल्लक निधीवरचे असे व्याज ‘इतर उत्पन्न’ ठरवले, म्हणजे त्यावर ही वजावट नाकारली. दुसरीकडे, एका सहकारी संस्थेला दुसऱ्या सहकारी संस्थेकडून मिळालेल्या व्याजावर ८०पी(२)(डी) खाली वजावट आहे आणि आयकर अपील न्यायाधिकरणाच्या अनेक पीठांनी सहकारी बँकेच्या व्याजालाही ती दिली आहे. जिथे न्यायासनांतच एकमत नाही, तिथे सोसायटीचे कामकाज पाहणाऱ्या गटसचिवाने वजावट मागितली म्हणून त्याच्या संस्थेला दंड करणे अन्यायाचे आहे.

समजा, सोसायटीने नफा-तोटा पत्रकात ठेवीवरचे व्याज वेगळ्या ओळीत दाखवले, विवरणपत्रात शून्य उत्पन्न लिहिले आणि खात्याने ३,००,००० रुपयांची वजावट नाकारली. सहकारी संस्थांच्या नेहमीच्या दरांनी, म्हणजे पहिल्या १०,००० वर १०, पुढच्या १०,००० वर २० आणि उरलेल्यावर ३० टक्के, उपकर सोडून कर ८७,००० रुपये होतो. ५० टक्क्यांनी दंड ४३,५००. २०० टक्क्यांनी १,७४,०००. लहान सोसायटीचा वर्षभराचा नफा त्यात जाऊ शकतो. म्हणून ती ‘वेगळी ओळ’ महत्त्वाची. तेच व्याज ‘किरकोळ जमा’ या शीर्षात कोंबले असेल, तर माहिती उघड केली होती हे सांगणे अवघड जाते.

भूसंपादनातला वाद आणखी जिव्हारी लागणारा आहे. गोसीखुर्दसारख्या प्रकल्पांत जमिनी गेलेल्यांना न्यायालयातून वाढीव मोबदला मिळाला आणि त्यावर व्याजही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २८ खालचे व्याज हा मोबदल्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या घनश्याम प्रकरणात म्हटले. त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने मात्र वाढीव मोबदल्यावरील व्याज ‘इतर उत्पन्न’ ठरवून त्यातून फक्त ५० टक्के वजावट ठेवली. मग गुजरात उच्च न्यायालयाने हे व्याज करपात्र नाही म्हटले, तर पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आहे म्हटले. पैसे हाती पडण्याआधीच टीडीएस (देणाऱ्यानेच आधी कापून घेतलेला कर) कापलेला असतो. शेतकऱ्याने पूर्ण रक्कम विवरणपत्राच्या करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात लिहिली आणि निवाड्याची प्रत जपली, तर त्याचा दावा चुकीचा ठरला तरी सद्भाव दिसतो. परतावा मागितला आणि व्याजाचा उल्लेखच टाळला, तर दिसत नाही.

बनावट देणगी किंवा न भरलेला विमा हप्ता दाखवून ‘रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्यांच्या दाव्यांना सद्भावाचे संरक्षण नाही. ते थेट २०० टक्क्यांत जातात, आणि नोटीस येते ती ज्याच्या नावाचे विवरणपत्र आहे त्याला. पुराव्याशिवाय दाखवलेला खर्चही याच वर्गात मोडतो. सहकारी जिनिंगमध्ये हंगामी मजुरांना रोख मजुरी दिली जाते. अंगठा, तारीख आणि दिवस लिहिलेले व्हाउचर नसेल तर खरा खर्चही खोटा ठरण्याची भीती असते.

दंडाची नोटीस आता संगणकीय पोर्टल आणि ईमेलवर येते. पोर्टलवर जुन्या सचिवाचाच मोबाइल नंबर राहिलेला असतो आणि संस्थेला कळते तेव्हा मुदत उलटलेली असते. बिनउत्तराच्या प्रकरणात सद्भाव कोण मांडणार? नोटीस मिळाल्यावर आधी तिच्यात नेमका आरोप कोणता आहे ते पाहावे. जुन्या कलमाच्या छापील नोटिशीत ‘लपवले’ आणि ‘चुकीचा तपशील दिला’ यांपैकी लागू नसलेला पर्याय न खोडल्यास दंड टिकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ११ मार्च २०२१ रोजी मोहम्मद फरहान शेख प्रकरणात ठरवले.

कर व व्याज मुदतीत भरून, अपील न करता कलम २७०एए खाली दंडमाफीचा अर्ज करता येतो. कर निर्धारणाचा आदेश मिळाला तो महिना संपल्यापासून एक महिन्यात तो करावा लागतो; मूळ तरतुदीत खोटेपणाचा ठपका असल्यास ही सोय नव्हती. दंडाविरुद्ध पहिले अपील ३० दिवसांत आयुक्तांकडे, पुढे न्यायाधिकरणाच्या नागपूर पीठाकडे आणि कायद्याच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. त्यातही कमी दाखवणे आणि खोटेपणाने कमी दाखवणे हा भेद ठेवला आहे.