पावागड

पावागड : गुजरातमधील पंचमहाल जिल्ह्याच्या हालोल तालुक्यातील एकाकी डोंगर व किल्ला. बडोद्याच्या ईशान्येस सुमारे ५० किमी. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ८२० मी.; जुन्या ब्रिटिश मापणीचा आकडा किंचित जास्त भरतो. भोवताली मैदान असल्याने डोंगर आहे त्याहून उंच वाटतो.

नावाच्या तीन व्युत्पत्ती सांगतात. डोंगराचा पाव हिस्साच जमिनीवर असून उरलेला भूगर्भात आहे, म्हणून पावागड. ‘पवन’ म्हणजे वाऱ्याचा गड. किंवा ‘पावक’ म्हणजे अग्नीचा गड. मराठी कानाला पहिली चटकन पटते, पण ती लोकव्युत्पत्ती असावी. खडक अग्निजन्य म्हणून तिसरीकडे कल वाढलेला दिसतो. मात्र नाव ठेवणाऱ्यांना खडकाची जात कळत होती, असे मानण्यास आधार नाही.

डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी, ही समजूत बडोद्यात सर्रास ऐकू येते. ती जपूनच घ्यावी. येथे लाव्हाचे थर एकावर एक बसलेले असून मुखाचा आकार कोठे दिसत नाही. दख्खन ट्रॅपच्या (दख्खनवर पसरलेल्या लाव्हाच्या थरांच्या) सलग पसाऱ्यापासून झिजेमुळे सुटा पडलेला हा तुकडा असून ट्रॅपचे वय सर्वसाधारणपणे ६.६ कोटी वर्षांच्या आसपास धरतात. खालच्या भागात बेसाल्ट (काळा लाव्हा खडक) व त्याचे प्रकार, तर माथ्यावर रायोलाइट (सिलिकाचे प्रमाण जास्त असलेला लाव्हा खडक). भूवैज्ञानिक फर्मर यांनी १९०६ मध्ये येथील लाव्हांचे वर्णन केले, तेव्हापासून वाद आहे तो या रायोलाइटचा. बेसाल्टी शिलारस (वितळलेला खडक) निवत असता त्याचे घटक वेगळे होऊन तो बनला, की भूकवच वितळून? शिलारसाचे घटक वेगळे होताना त्यात भूकवचाची भर पडली असावी, हे मत २००८ मधील शेठ व मेलुसो यांच्या भूरासायनिक अभ्यासानंतर अधिक ग्राह्य वाटते. काही ठिकाणी पिचस्टोन आढळतो. हा काळपट खडक फोडला की काचेसारखी धारदार कपची निघते. कठीण माथ्यामुळेच डोंगर टिकला असावा. परिसरातील फार प्राचीन खडकांना पायथ्याच्या चांपानेर या जुन्या शहरावरूनच नाव मिळाले आहे.

गुजरातचा सुलतान महमूद बेगडाने १४८४ मध्ये खीची चौहान राजपुतांकडून गड घेतला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो शिंद्यांकडे आला. १८०३ मध्ये इंग्रजांनी जिंकला, पण सुर्जी-अंजनगावच्या तहाने परत केला. शिंदे व इंग्रज यांच्यातील १८६१ च्या प्रदेशांच्या अदलाबदलीत पंचमहाल इंग्रजांकडे गेले. माथ्यावर कालिकामातेचे मंदिर आहे. रोपवे १९८६ पासून. चांपानेर-पावागड २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आले.

उतारांवर कोरडे पानझडी जंगल आहे. पूर्वेकडील जांबुघोडा अभयारण्यात (१९९०, सुमारे १३० चौ. किमी.) साग, मोह, बांबू, तसेच बिबळ्या व अस्वल आढळतात.

विश्वामित्री नदी याच डोंगरात उगम पावते, बडोदे शहरातून वाहते आणि ढाढरला मिळून तिचे पाणी खंबायतच्या आखातात जाते. आजव्याचे सयाजी सरोवर याच खोऱ्यातले. शहराच्या पट्ट्यात मगरींची नांदती वस्ती आहे. कमाटीबागेजवळच्या पुलावरून हिवाळ्याच्या उन्हात काठच्या चिखलात आ वासून पडलेली मगर दिसते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी सोसायट्यांच्या आवारापर्यंत आल्या होत्या.