ली साइड आणि ली शोअर: आडोसा नक्की कुणाला?

तंबाखूची पिंक कुठल्या बाजूने टाकायची, हे होडीवर चढलेल्या नव्या पोराला पहिल्याच दिवशी कळतं. चुकलं तर पिंक आपल्याच सदऱ्यावर. वारा येतो ती बाजू विंडवर्ड, त्याच्या उलटी ती ली साइड. तिथे बोटीच्याच अंगाचा आडोसा मिळतो. बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा माणूस, आपल्या होडीतून मोठ्या जहाजावर दोराच्या शिडीने चढतो तोही शक्यतो याच बाजूने. जहाज वाऱ्याला अंग देऊन त्याच्या होडीपुरतं पाणी शांत करून देतं.

त्यामुळे ‘ली शोअर’ ऐकलं की वाटतं, आडोशाचा किनारा, नांगर टाकायला बरा. इथेच घात आहे. ली शोअर म्हणजे बोटीच्या ली साइडला पडणारा किनारा, म्हणजेच वारा बोटीला ज्याच्यावर ढकलतोय तो. मोजमाप दोन्हीकडे बोटीवरूनच. आपण मात्र दुसरा शब्द किनाऱ्यावर उभं राहून वाचतो.

पावसाळ्यात नैऋत्येचा वारा लागला की डहाणूपासून रेडीपर्यंतचा उघडा किनारा ली शोअरच. इंजिन बंद पडलं किंवा नांगर घसरला, तर बोट कुठे जाणार हे विचारायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार हे जहाज रत्नागिरीजवळ असंच रेटत गेलं आणि मिऱ्याच्या बंधाऱ्याला येऊन टेकलं. खलाशी वाचले, जहाज मात्र तिथेच रुतून बसलं. पुढे लोक त्याच्यासमोर फोटो काढायला यायचे.

त्याच वाऱ्यात जयगडच्या डोंगराआड, खाडीत शिरलेली होडी निवांत डुलत असते. जमीन इथेही हाकेच्या अंतरावर, पण वाऱ्याच्या वरच्या अंगाला. याला इंग्रजीत जमिनीच्या ‘ली’मध्ये असणं म्हणतात. घोळ वाढवायला हा तिसरा प्रयोग पुरेसा आहे.

आणि थंडीच्या दिवसांत तर एकच किनारा दिवसातून दोनदा पलटतो. पहाटे मतलई जमिनीवरून सुटलेला असतो, किनाऱ्यालगत पाणी ताटातल्यासारखं सपाट. दुपारी खारा वारा भरला की तोच किनारा ली शोअर. म्हणून पहाटे नांगर टाकतानाही हिशोब दुपारच्या वाऱ्याचा करायचा.