रोटा आणि पोलिओ: दोन्ही तोंडावाटे जातात, पण आतडं ओलांडून घात करतो एकच

रोटाचे, म्हणजे जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसवरच्या लसीचे थेंब आणि पोलिओचे थेंब एकच समजणारे अजूनही भेटतात, आणि त्याहून जास्त भेटतात ते 'पोलिओ पोटातून शिरतो तर मग जुलाब का लागत नाहीत' असं विचारणारे. प्रश्न एकदम रास्त आहे, पण त्यावर जे ठोकून दिलं जातं ना, की पोलिओ 'जास्त पॉवरफुल' आहे म्हणून, ते ऐकून खरंच चीड येते.

थेंबांचं आधी उरकून टाकू. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दोन्ही देतात, पोलिओचे दोन, रोटाची रोटाव्हॅक नावाची लस असेल तर पाच, लसी वेगळ्या, एकीने दुसरीचं काम होत नाही. आणि रोटाचं दुखणं तर सगळ्यांना पाठ आहे, उलट्या, पाण्यासारखे जुलाब, ओआरएस.

खरी गंमत आतड्याच्या अस्तरात आहे. लहान आतड्याला आतून बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात, त्यांच्या टोकाच्या पेशी अन्नपाणी शोषतात आणि रोटा नेमका त्यांच्यातच शिरून वाढतो, त्यांना मारतो, वर एनएसपी4 नावाचं प्रोटीन सोडतो ज्याने पाणी शोषलं जायच्या ऐवजी उलटं आतड्यात येतं. त्याचे अंश रक्तातही सापडतात, पण जुलाब लागायला त्याला अस्तराच्या पलीकडे जावंच लागत नाही.

पोलिओ अस्तराची फारशी नासधूस न करता पलीकडे जातो. लहान आतड्यात, शेवटाकडे जास्त, पायर्स पॅचेस म्हणून प्रतिकारशक्तीच्या पेशींचे पुंजके असतात आणि त्यांच्यावर एम सेल्स. आतड्यातला माल थोडाथोडा उचलून खालच्या पेशींकडे तपासायला द्यायचा, हेच एम सेल्सचं काम, आणि पोलिओची मुख्य वाट हीच मानतात. म्हणजे तो दार फोडत नाही, शरीरच त्याला उचलून आत घेतं! मग तो लसिका ग्रंथींमध्ये (लिम्फ नोड्स) वाढतो, रक्तात येतो, आणि साधारण 200 पैकी एखाद्याच्या मज्जारज्जूपर्यंत पोचून स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. बाकी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, पण शौचातून व्हायरस कित्येक आठवडे पडत राहतो.

म्हणूनच 'पोलिओचं इंजेक्शन दिलंय, आता थेंब कशाला' हे मला अजिबात पटत नाही. इंजेक्शनने रक्तात अँटिबॉडी तयार होतात, मज्जारज्जू वाचतो, पण आतड्यात व्हायरस वाढायचा फारसा थांबत नाही, आणि ते मूल स्वतः ठणठणीत राहून दुसऱ्याला पोलिओ देऊ शकतं. आतड्यातच अडवायचं काम थेंब करतात.