घरगुती ग्लास पेंटिंग

घरातल्या काचेच्या बाटल्या, बरण्या, ग्लास, फ्लॉवरपॉट वगैरेंवर रंगाने नक्षी काढायचा हा छंद, उन्हाळी सुट्टीतल्या हॉबी क्लासमुळे आपल्याकडे बऱ्यापैकी ओळखीचा झालेला. जॅमची नाहीतर कॉफीची रिकामी बाटली हे यातलं नेहमीचं गिऱ्हाईक. कागद, कापड, माती रंग शोषून घेतात, काच अजिबात घेत नाही, रंग तिच्यावर नुसता बसून राहतो आणि यातल्या जवळजवळ सगळ्या खटपटी त्या एकाच कारणाने कराव्या लागतात.

म्हणून पहिलं काम साफसफाईचं. बाटली साबणाने घासून धुतली, वाळवली तरी हाताचा तेलकटपणा राहतोच, तो कापसावर स्पिरिट घेऊन पुसून काढायचा आणि नंतर रंगवायच्या जागी बोट लावायचं नाही. हे ज्यांना फालतू वाटतं त्यांचा रंग चार दिवसांत पापुद्र्यासारखा निघून येतो. डिझाईन कागदावर काढून आतून चिकटवलं की बाहेरून गिरवता येतं, तोंड अरुंद असेल तर मार्करने सरळ काचेवरच काढतात.

मग लायनर. काळ्या, सोनेरी किंवा चंदेरी रंगाची ही घट्ट पेस्ट ट्यूबच्या टोकातून दाबत रेघ ओढायची, वाळली की ती उंच उभी राहते आणि शेताच्या बांधासारखी रंग अडवून धरते. रेघ कुठे तुटली तर शेजारचे दोन रंग एकमेकांत शिरलेच समजा. हा लूक स्टेन्ड ग्लासवरून आलेला आहे, मुंबईत राजाबाई टॉवरच्या लायब्ररीच्या खिडक्या बघितल्यात तर लक्षात येईल, पण तिथे रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, आपण फक्त पट्टीचा भास करतो.

रंग दोन जातीचे मिळतात. सॉल्व्हंटवाले जास्त चकचकीत आणि पारदर्शक दिसतात पण वास डोक्यात जातो, खिडकी उघडी हवी आणि ब्रश थिनरमधे धुवावा लागतो. पाण्यात मिसळणारे मुलांसाठी बरे. दोन्हीत रंगाची बाटली जोरात हलवायची नाही, बुडबुडे येतात, आले तर रंग ओला असतानाच टाचणीने फोडायचे. ब्रशने पसरवण्यापेक्षा थेंब सोडून तो रेघेपर्यंत ढकलत नेला तर ब्रशचे ओरखडे दिसत नाहीत. गोल बाटलीवर मात्र रंग खाली ओघळतो, त्यामुळे ती आडवी ठेवून, दोन्ही बाजूंना टॉवेलचा टेकू देऊन एकेक बाजू रंगवायची, वाळली की मगच फिरवायची. इथेच सगळ्यांचा पेशन्स संपतो!

पाण्याचे काही रंग ओव्हनमधे भाजून पक्के करता येतात, साधारण १६० अंशाला ४० मिनिटं, पण कंपनीप्रमाणे आकडा बदलतो म्हणून लेबल वाचाच. रंग आधी पूर्ण वाळलेला हवा. बाटली थंड ओव्हनमधे ठेवून मग ओव्हन चालू करायचा आणि बंद केल्यावर आतच गार होऊ द्यायची, नाहीतर तापमानाच्या झटक्याने काच तडकते. सॉल्व्हंटचे रंग भाजायच्या भानगडीत पडू नका, ते पेट घेऊ शकतात.

खाण्यापिण्याच्या भांड्यांचं काय? हॉबीचे रंग अन्नाला लागायला बनवलेले नसतात. प्यायच्या ग्लासला आतून रंगवायचंच नाही आणि बाहेरूनसुद्धा काठापासून निदान २ सेंटिमीटर जागा मोकळी सोडायची. खरं सांगायचं तर ग्लासपेक्षा दिवाळीत पणती ठेवायची काच किंवा फेअरी लाईट्स घातलेली बाटली यावरच हे काम खुलतं, पारदर्शक रंगाला मागून उजेड मिळाल्याशिवाय मजा नाही.

याच्याच नात्यातला पण बराच जुना प्रकार म्हणजे काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली चित्रं, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती बघायला मिळतात. त्यात काम उलट्या क्रमाने चालतं, आधी डोळे, दागिने, किनार आणि सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी, त्यामुळे मधे चुकलं तर वरून दुरुस्ती करायची सोय नाही. आपल्या बाटलीवर ती आहे, वाळलेला रंग ब्लेडने खरवडून पुन्हा भरता येतो.

रंगवलेल्या वस्तू भिजत घालायच्या नाहीत, तारेची घासणी लावायची नाही, ओल्या फडक्याने पुसल्या की पुरे.