टपावरची फट

गेल्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या सरीला मित्राच्या मोटरहोममध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, मागच्या पलंगावर थेंब पडू लागले. पठ्ठ्या टपावर चढला आणि पलंगाच्या बरोबर वरच्या जागी सिलिकॉनची अख्खी ट्यूब रिकामी करून आला. दुसऱ्या दिवशी थेंब तिथेच. गाडी जुनी, मिनीबसच्या चॅसीवर बांधलेली: लोखंडी सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, ड्रायव्हरच्या डोक्यावर फायबरचं टोपडं. मुलुंडच्या सोसायटीत ती निळ्या ताडपत्रीखाली उभी असते आणि तिच्यावरून वाद झाल्याशिवाय एकही मीटिंग संपत नाही.

फट अखेर सापडली ती पलंगापासून चार मीटर पुढे, फायबर आणि पत्रा जिथे जोडलेत तिथे. पाणी तिथून आत शिरायचं, छतातल्या लोखंडी पट्टीवरून ओघळत मागे यायचं आणि प्लायवूडच्या पहिल्या भोकातून टपकायचं. चाळीत वरच्यांची मोरी गळते आणि डाग भलत्याच खोलीत उमटतो, तसलाच प्रकार.

पण सांधा उघडलाच का? मे महिन्यात दुपारी टपाचा पत्रा सहज ६० अंशांवर जातो. त्यावर सर आली की काही मिनिटांत तो ३५ अंशांनी थंड होतो. ॲल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला ०.०२३ मिलिमीटर आक्रसतं. म्हणजे सहा मीटरचा पत्रा जवळजवळ ५ मिलिमीटरनी आखूड व्हायला बघतो. लोखंडाचं आक्रसणं त्याच्या निम्मं, शिवाय सांगाडा आत असल्यामुळे तितका तापतही नाही. फायबरचं गणित आणखी निराळं. ही ओढाताण कुठेतरी निघणारच. रिव्हेटची भोकं सैल होतात, सांध्यातला जुना मसाला फाटतो.

फाटलेली फट डोळ्यांना दिसेलच असं नाही, पण पाण्याला ती पुरते. एक दशांश मिलिमीटरच्या फटीत पाणी केशाकर्षणाने १४-१५ सेंटिमीटर वर चढू शकतं. त्यात गाडी ताशी ८० किलोमीटरने पावसातून निघाली, की समोरच्या वाऱ्याचा दाब पाण्याला आणखी तीन सेंटिमीटर वर रेटतो. आणि पाऊस तरी किती? मुंबईच्या पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर. सहा मीटर बाय दोन मीटरच्या टपावर हे झाले २४ हजार लिटर. दहा हजारी टँकर धरले तर जवळपास अडीच. त्यातलं तांब्याभर आत गेलं तरी प्लायवूड फुगतं.

वेसाव्याच्या लाकडी होडीचं बरं असतं. फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासतात, होडी पाण्यात उतरली की लाकूड फुगतं आणि फट आपोआप आवळली जाते. पत्र्याला ही सोय नाही. त्याच्या सांध्यात भरलेलं द्रव्य ताणलं जायला हवं, आणि नेमकी इथेच सगळ्यांची चूक होते. “साहेब, वरून एक बारीक पट्टी मारून देतो,” असं गॅरेजवाला म्हणतो तेव्हा त्याला थांबवा. सांधा एक मिलिमीटर हलणार असेल, तर एक मिलिमीटर रुंदीच्या पट्टीला दुप्पट ताणावं लागेल. सहा मिलिमीटर रुंद पट्टीला जेमतेम १७ टक्के. चांगले सीलंट, म्हणजे सांध्यात भरायची ही द्रव्यं, साधारण २५ टक्के हालचाल सोसतात. तळाशी फोमची दोरी घालतात तीही यासाठीच, म्हणजे सीलंट फक्त दोन्ही कडांना चिकटतं. टेबलाला पूर्ण चिकटवलेलं रबरबँड ताणता येतं का?

या मे महिन्यात, आगोटीच्या म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या मुहूर्तावर, काम काढलं. दोन रविवार गेले ते फक्त गेल्या वर्षीचं सिलिकॉन खरवडण्यात. त्याला इतर काही चिकटत नाही, रंगसुद्धा नाही, आणि स्पिरिटने ते विरघळत नाही. त्यातून व्हिनेगरसारखा वास मारणारी स्वस्त जात असली, तर तिच्यातलं ॲसिड पत्रा खातं ते वेगळंच. जागा साफ झाली की नाही हे बघायला बोटाने पाण्याचा थेंब सोडायचा. पसरला तर पत्रा मोकळा. मोत्यासारखा गोल राहिला तर सिलिकॉन अजून आहे, पुन्हा घासा. आमचा थेंब तीन वेळा गोल राहिला.

नवं सीलंट पॉलियुरेथेनचं घेतलं. ते हवेतल्या बाष्पाने घट्ट होतं, त्यामुळे मुंबईची चिकचिक एकदाची कामी आली. पत्रा मात्र कोरडा हवा, आणि काम सकाळी. भर दुपारी पत्रा फुगून फट अरुंद झालेली असते. उन्हाने ते भुकटी धरतं म्हणून वर रंगाचा हात.

मग परीक्षा. एका खिडकीतून ब्लोअर आत वळवला, बाकी सगळं पुठ्ठा आणि टेप लावून बंद केलं आणि टपावर ब्रशने साबणाचं पाणी फिरवलं. पुढचा सांधा गप्प. पण टपावरच्या खिडकीच्या एका स्टीलच्या स्क्रूपाशी बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. स्क्रू काढला तर भोकाभोवती पांढरी पूड. स्टील, ॲल्युमिनियम आणि खारी दमट हवा मिळून तिथे वर्षानुवर्षं एक चिमुकली बॅटरी चालू होती, आणि तिच्यात झिजत होता तो पत्रा. पूड घासून काढली, खाली कधीच न सुकणारी ब्युटाइलची चिकट पट्टी घातली आणि आधीच्यापेक्षा एका नंबरने जाड स्क्रू बसवला. असे आणखी अकरा स्क्रू आहेत.