मासिक विषयाधारित उपक्रम (वृद्धनिवासांतील)

मासिक विषयाधारित उपक्रम : वृद्धाश्रम, शुश्रूषागृहे आणि दीर्घकालीन निवासी काळजीची इतर केंद्रे यांत राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी महिन्याला एक मध्यवर्ती विषय ठरवून त्याभोवती गप्पा, हस्तकाम, संगीत, वाचन, बैठे खेळ, हलका व्यायाम इत्यादींची आखणी करण्याची पद्धत. विषय ऋतूचा असतो, एखाद्या द्रव्याचा वा वस्तूचा (पाणी, कापड, लाकूड), किंवा आयुष्यातील एखाद्या टप्प्याचा (शाळा, पहिली नोकरी, प्रवास). आखणीची जबाबदारी उपक्रम-संयोजकाकडे असते. लहान संस्थेत काळजीवाहकांपैकीच कोणीतरी हाताशी असलेली कामे सांभाळून ती पाहतो. करमणूक आणि उपचार यांच्या सीमेवरचा हा विषय असल्याने त्यावरील लेखन मानसोपचार, परिचर्याशास्त्र, व्यवसायोपचार आणि वार्धक्यशास्त्र अशा चार ठिकाणी विखुरलेले आहे.

उगम : ही पद्धत एका व्यक्तीच्या नावावर किंवा एका सालावर टाकता येत नाही. तिची मुळे साधारणतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुजलेल्या तीन उपचारपद्धतींत दाखवता येतात. त्यांतील कोणते मूळ मुख्य धरायचे यावर उपक्रमाचा हेतू काय मानायचा हेही ठरते.

पहिली पद्धत ‘रिमोटिव्हेशन’. डोरोथी हॉस्किन्स स्मिथ या मनोरुग्णालयात स्वयंसेवा करणाऱ्या बाईंनी ती घडवली आणि १९५० च्या दशकाच्या मध्यास फिलाडेल्फियाच्या सरकारी मनोरुग्णालयातील वॉर्ड-परिचरांना शिकवली. लहान गट, एका बैठकीला एकच विषय आणि ठरलेल्या पाच पायऱ्या असे तिचे रूप होते. आधी प्रत्येकाचे नावानिशी स्वागत. मग विषयाकडे नेणारी एखादी कविता वा उतारा मोठ्याने वाचणे. त्यानंतर वस्तू, चित्रे व प्रश्न यांच्या आधारे चर्चा, पुढे त्या विषयाशी निगडित कामधंद्यांबद्दल बोलणे आणि शेवटी आल्याबद्दल आभार. आजार, घरगुती भांडणे असे दुखरे विषय मुद्दाम टाळले जात. माणसाच्या मनाचा जो भाग अजून धडधाकट आहे त्याच्याशीच बोलायचे, ही त्यामागची धारणा होती. मनोरुग्णालयांत दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णांत वृद्धांची संख्या मोठी असल्याने ही पद्धत शुश्रूषागृहांकडे सहज सरकली असावी.

दुसरी पद्धत वास्तवभान-उपचार. जेम्स फॉल्सम यांनी १९५८ मध्ये कॅन्सस राज्यातील टोपेका येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात तिची सुरुवात केली. १९६० च्या दशकात अलाबामातील टस्कलूसा येथे तिला पक्के रूप आले. वार, तारीख, हवामान, पुढचे जेवण अशी माहिती लिहिलेला फळा ही तिची खूण. आजही अनेक वृद्धनिवासांच्या दिवाणखान्यात हा फळा दिसतो, आणि महिन्याच्या विषयाचा तक्ता बहुधा त्याच्याच शेजारी लावलेला असतो. मात्र चुकलेली तारीख पुनःपुन्हा दुरुस्त करत राहिल्याने स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती खजील वा अस्वस्थ होते, असा आक्षेप पुढे घेतला गेला. नेओमी फाइल यांची भावना-स्वीकृतीची पद्धत (व्हॅलिडेशन) याच असमाधानातून वाढली.

तिसरे मूळ आठवणींचे. म्हातारी माणसे जुन्या गोष्टी उगाळतात हे पूर्वी मन ढासळल्याचे लक्षण समजले जाई. रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मधील निबंधात त्याकडे ‘जीवनाचे पुनरवलोकन’ म्हणून, म्हणजे उतारवयातील स्वाभाविक मनोव्यापार म्हणून पाहिले. त्यानंतर आठवणींना वाट करून देणारे गट, जुन्या वस्तूंच्या पेट्या आणि छायाचित्रांचे संच यांचा प्रसार झाला. शाळा, प्रवास, पहिली कमाई हे विषय मुख्यतः या शाखेतले.

या तिन्ही पद्धतींनी विषय दिला. महिना मात्र दिला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांचे मोजमाप बैठकींत किंवा आठवड्यांत होते. अगदी अलीकडची आणि बारकाईने तपासलेली बोधन-उद्दीपन पद्धतीसुद्धा (स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या विचारशक्तीला गटातील गप्पा व खेळांतून चालना देणारी) सात आठवड्यांत चौदा बैठका अशीच मांडलेली आहे. महिन्याची चौकट व्यवस्थापनातून आली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, खरेदीचा खर्च, बाहेरून येणाऱ्या कलाकारांची व स्वयंसेवकांची वेळ, नातेवाइकांना पाठवायचे पत्रक ही सगळी कामे महिन्याच्या हिशोबाने चालतात. अमेरिकेत १९८७ च्या शुश्रूषागृह-सुधारणा कायद्याने रहिवाशांच्या आवडीनिवडी व गरजांनुसार सतत चालणारा उपक्रम-कार्यक्रम ठेवणे आणि तो पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली चालवणे बंधनकारक केले. तपासनिसाला दाखवण्यासाठी छापील मासिक तक्ता हा सोयीचा पुरावा असतो. काही लेखक या चौकटीला उपचारमूल्य देतात. पण ज्याला सकाळची बैठक संध्याकाळी आठवत नाही त्याच्या दृष्टीने ‘महिन्याचा विषय’ ही वस्तू अस्तित्वात नसते. त्याच्यासाठी प्रत्येक बैठक पहिलीच असते. महिन्याच्या सलगतेचा लाभ स्मरणशक्ती शाबूत असलेल्यांना, नातेवाइकांना आणि सर्वांत जास्त संयोजकाला मिळतो.

तात्त्विक पार्श्वभूमी : कमिंग व हेन्री यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या निवृत्ती-सिद्धान्तानुसार वृद्ध व्यक्ती आणि समाज परस्परांपासून हळूहळू अलग होणे हे स्वाभाविक ठरते. हॅविगहर्स्ट यांच्याशी जोडला जाणारा क्रियाशीलता-सिद्धान्त याच्या उलट टोकाचा. उपक्रमांचे समर्थन दीर्घकाळ या दुसऱ्या सिद्धान्तावर उभे होते. पुढे अ‍ॅचली यांनी मांडलेला सातत्य-सिद्धान्त, म्हणजे माणूस जसा जगत आला तसाच पुढे जगू पाहतो हे मत, प्रत्यक्ष कामाला अधिक उपयोगी पडते. आयुष्यभर एकटे बसून वाचणाऱ्या माणसाला टाळ्यांच्या खेळात ओढणे त्यात बसत नाही.

आखणी : महिन्याच्या विषयाचे चार उपविषय पाडून प्रत्येक आठवड्याला एक देण्याची रीत सर्वत्र आढळते. गट सहा ते आठ जणांचा आणि बैठक सुमारे ४५ मिनिटांची ठेवतात. डोके वा हात चालवावे लागणारी कामे सकाळी घेतली जातात, कारण स्मृतिभ्रंशात दिवस कलताना बेचैनी वाढण्याची प्रवृत्ती असते. त्या वेळेला संगीत वा हातांना मालिश असे काही शांत ठेवणे बरे. वर्षाच्या तक्त्यात काही दिवस आंतरराष्ट्रीय दिनांमुळे आपोआप भरतात : १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस (संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये ठरवला), १५ जून हा वृद्धछळविरोधी जागृतीचा दिवस आणि २१ सप्टेंबर हा अल्झायमर दिन. यांतील शेवटचे दोन कर्मचारी व नातेवाइकांसाठी अधिक उचित होत. रहिवाशांसमोर त्यांच्याच आजाराचा महिना साजरा करण्यात औचित्य नाही.

ऋतूंचे तयार तक्ते वापरताना एक साधी चूक होते. ते बहुधा उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांसाठी बनवलेले असतात. दक्षिण गोलार्धात किंवा उष्ण कटिबंधात जानेवारीत कापसाचा बर्फ चिकटवण्याने वास्तवभान जागे होण्याऐवजी बिघडते.

एक विषय जवळून पाहण्यासाठी ‘कापड’ घ्यावा. पहिल्या आठवड्यात सुती, रेशमी, लोकरी, मखमली असे तळहाताएवढे तुकडे हातोहात फिरवतात. डोळे मिटून बोटांनी ओळखायचे. ज्यांना शब्द सापडत नाहीत त्यांचीही बोटे पोत ओळखतात. शिवणकाम केलेली व्यक्ती तुकड्याची उभी-आडवी वीण ताणून पाहते, कड कोणती ते दाखवते, आणि तेवढ्यापुरती बैठकीची सूत्रे तिच्याकडे जातात. दुसऱ्या आठवड्यात बटणे : रंगाने, आकाराने, भोकांच्या संख्येने वेगळी करणे. तिसऱ्यात घड्या घालणे. स्वच्छ टॉवेल व रुमाल यांच्या घड्या हे काम दिसायला क्षुल्लक, पण ते खरे काम असते आणि घडी घातलेला रुमाल खरोखर वापरात जातो. चौथ्यात जुन्या कपड्यांची छायाचित्रे आणि त्यांच्या गोष्टी. बटणांच्या बाबतीत सावधगिरी लागते. स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या टप्प्यात वस्तू तोंडात घालण्याची सवय लागू शकते, तेव्हा अशा गटात बटणे आधीच मोठ्या फडक्यावर पक्की शिवून द्यावी लागतात. सुया मोजून देणे व मोजून परत घेणे हाही नियमच.

इंद्रियांच्या मर्यादा : उपक्रम फसण्याची कारणे पुष्कळदा विषयात नसून प्रकाशात आणि आवाजात असतात. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते. त्यामुळे निळा आणि हिरवा, किंवा गडद निळा आणि काळा, यांतील फरक पुसट होतो. फिकट निळ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत छापलेला देखणा तक्ता कोणीच वाचत नसेल तर कारण तेच. गडद अक्षरे, फिकट व झळाळी नसलेला कागद, मोठा ठसा आणि डोळ्यांच्या पातळीवर, तीही चाकाच्या खुर्चीत बसलेल्याच्या, लावलेला तक्ता उपयोगी पडतो. वयोमानाच्या बहिरेपणात आधी उच्च कंप्रतेचे ध्वनी जातात. स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. स्वर ऐकू येतात. म्हणून ओरडून बोलल्याने भागत नाही. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड घेऊन, मंद लयीत बोलावे लागते. पार्श्वसंगीत चालू ठेवून चर्चा घेणे ही सर्रास आढळणारी सवय श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना बैठकीबाहेर काढते.

परिणामांचा पुरावा : ‘महिन्याचा विषय’ या चौकटीपेक्षा तिच्या आत काय घडते यावरच अभ्यास झाले आहेत. बोधन-उद्दीपनाचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधील प्रयोग (स्पेक्टर व सहकारी) २३ केंद्रांतील २०१ स्मृतिभ्रंशग्रस्तांवर झाला. प्रत्येक बैठकीला बालपण, ध्वनी, अन्न, चालू घडामोडी, पैशाचा वापर, शब्दखेळ असा वेगळा विषय होता. बोधनक्षमता आणि जीवनमान यांत नियंत्रण-गटाच्या तुलनेत मध्यम पण निश्चित सुधारणा आढळली. विषयांवर बांधलेल्या उपक्रमांचा हा सर्वांत भक्कम आधार म्हणावा लागेल. इंग्लंडमध्ये २०१३ च्या अखेरीस नाइस या आरोग्य व काळजी-सेवांसाठी मार्गदर्शक सूत्रे ठरवणाऱ्या संस्थेने काळजीगृहांतील ज्येष्ठांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी जे गुणवत्ता-मानक काढले, त्याचे पहिलेच विधान अर्थपूर्ण उपक्रमांत भाग घेण्याच्या संधीविषयी आहे.

एलन लँगर व ज्युडिथ रोडिन यांचा कनेटिकटमधील शुश्रूषागृहात झालेला १९७६ चा प्रयोग या संदर्भात नेहमी दिला जातो. एका मजल्यावरील रहिवाशांना स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायला सांगितले, पाहिजे तर रोपटे निवडून सांभाळायला दिले. दुसऱ्या मजल्यावर रोपटे दिले, पण त्याची निगा कर्मचाऱ्यांनी राखली. पहिला गट अधिक उत्साही व सक्रिय आढळला. दीड वर्षानंतरच्या पाहणीत पहिल्या गटात सुमारे १५ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ३० टक्के रहिवासी मरण पावले होते. हे आकडे झटकन उद्धृत होतात, तेव्हा दोन गोष्टी सांगायला हव्यात. गट लहान होते, दोन्ही मिळून ९१ जण. शिवाय मृत्यूंच्या फरकाच्या सांख्यिकी गणनेत त्रुटी असल्याची दुरुस्ती नंतर प्रसिद्ध झाली आणि तो फरक काठावरचा ठरला. निवडीच्या अधिकाराने उत्साह वाढतो हा निष्कर्ष टिकतो; आयुष्य वाढते असे या प्रयोगावरून म्हणणे धाडसाचे.

आक्षेप : सर्वांत जुना आक्षेप पोरकटपणाचा. कागदी मुकुट, शिशुवर्गातील चित्रे रंगवणे, टाळ्या वाजवून कौतुक करणे यांनी प्रौढ माणसाचा मान राहत नाही. दुसरा आक्षेप हजेरीपटाचा : किती जण खोलीत बसवले हे मोजले जाते, किती जण रमले हे नाही. न येण्याचा हक्क कागदोपत्री मान्य असतो, परंतु तक्ता भरायची घाई असलेल्या संयोजकाला तो अडचणीचा वाटतो. तिसरा आक्षेप मुळावर येणारा आहे. बिल थॉमस यांनी १९९१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील चेस मेमोरियल शुश्रूषागृहात प्राणी, पक्षी, झाडे आणि मुले आणून ‘ईडन’ पद्धत सुरू केली. एकटेपणा, असहायता आणि कंटाळा हे अशा संस्थांतले तीन रोग, असे तिचे निदान. तिच्या मांडणीत आखीव कार्यक्रमापेक्षा अनपेक्षितपणाला मोल आहे. त्या दृष्टीने महिनाभर आधी छापलेला तक्ता कंटाळ्याचाच एक प्रकार ठरतो. व्यवहारात दोन्हींची सरमिसळ दिसते.

आठवणींच्या विषयांत आणखी एक धोका संभवतो. युद्ध, स्थलांतर, अपत्यवियोग अशा जखमा कोणत्या वस्तूने उघडतील याचा अंदाज येत नाही. विषय ठरवण्यापूर्वी प्रत्येकाची जीवनकहाणी थोडक्यात नोंदवून ठेवावी, असे म्हणतात ते यासाठीच. बैठकीतून उठून जाणाऱ्याबरोबर एक माणूस मोकळा असावा लागतो.

अंथरुणाला खिळलेले रहिवासी : उपक्रमविषयक लेखनातील बहुतांश भाग वर्तुळात बसू शकणाऱ्यांबद्दल आहे. खोलीबाहेर न येऊ शकणाऱ्यांसाठी महिन्याच्या विषयातील एखादी वस्तू, वास वा ध्वनी घेऊन दहा-पंधरा मिनिटे खाटेशी बसण्याची रीत काही ठिकाणी पाळली जाते. ‘कापडा’च्या महिन्यात तो हातात धरून ठेवायचा लोकरीचा तुकडा असतो. प्रतिसाद पापण्यांच्या, श्वासाच्या किंवा बोटांच्या हालचालीवरून ओळखावा लागतो, आणि तो टिपायला रोज आंघोळ घालणारी व्यक्ती संयोजकापेक्षा अधिक सक्षम असते.